उशिरा येणारी रुखरुख

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीच्या गेटवर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहावं. वॉचमनच्या केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पंपाच्या स्विचखाली खोकी, खुर्चीवर खोकी, रजिस्टरचं पान उडू नये म्हणून त्यावर ठेवलेलंही एक लहानसं खोकंच. "चारशे दोनची तीन आहेत, एकाचा ओटीपी लागतोय," असं वॉचमन इंटरकॉमवर सांगतो. चारशे दोनमधली बाई खाली येते, दोन खोकी उचलते आणि तिसऱ्याकडे बघून म्हणते, "हे राहू दे, नंतर नेते." नंतर म्हणजे सासूबाई देवळात गेल्यावर. पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. ते सगळं ऑफिसच्या पत्त्यावर मागवतात आणि लॅपटॉपच्या बॅगेतून एकेक वस्तू घरी आणतात.

तिसऱ्या खोक्यात चोरीचा माल नसतो. भाजी चिरायचं एक यंत्र असतं. घरात तसली दोन आधीच आहेत. पण मंगळवारी रात्री साडेअकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या हे तिसरं अगदी निकडीचं वाटलं होतं. शुक्रवारी ते हातात आलं तेव्हा निकड उरली नव्हती. उरली होती ती रुखरुख.

या रुखरुखीची कारणं विचारली तर लोक चार खाती उघडून दाखवतात. पहिलं पैशाचं: महिन्याच्या अखेरीस बँकेचं विवरण पाहिलं की दोनशे-चारशेच्या नोंदींची रांग लागलेली दिसते आणि बेरीज छातीत धडकी भरवते. दुसरं कोपऱ्यावरच्या वाण्याचं: लॉकडाऊनमध्ये त्याने शटर अर्धं उघडून पीठ-तेल दिलं होतं, आता त्याच्या दुकानावरून जाताना मान आपोआप दुसरीकडे वळते. तिसरं पाठीवर बोजा घेऊन जिने चढणाऱ्या पोराचं. चौथं प्लॅस्टिकचं आणि पुठ्ठ्याचं. चारही खाती खरी आहेत. पण ती उघडतात केव्हा? पैसे गेल्यावर, वस्तू आल्यावर, खोकं फाडल्यावर. मंगळवारी रात्री साडेअकराला त्यांतलं एकही उघडत नाही.

टोचणी आहे, पण ती वेळेवर येत नाही. ती वेळेवर का येत नाही, याचं उत्तर खरेदी करणाऱ्याच्या मनाइतकंच खरेदीच्या पद्धतीतही दडलेलं आहे.

घरपोच माल ही काही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली, आणि 'व्हीपी' हा शब्द मराठी घरांत इतका मुरला की 'व्हीपी सोडवणे' असा स्वतंत्र वाक्प्रचारच झाला. पोस्टमन पुडकं घेऊन दारात यायचा, पैसे मोजून दिले की पुडकं हातात. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीचं हे थोरलं भावंड. फरक एवढाच, की व्हीपी मागवायची म्हणजे आधी कार्ड लिहायचं, ते पेटीत टाकायचं, आठवडे वाट पाहायची आणि पोस्टमन आला त्या दिवशी घरात तेवढी रोकड आहे की नाही हे बघायचं. मधल्या काळात हौस ओसरली तर माणूस व्हीपी परत करायचा, आणि त्याचं पोस्टमनला मुळीच नवल वाटायचं नाही.

दुसरं उदाहरण मुंबई ग्राहक पंचायतीचं. १९७५ साली ती उभी राहिली; बिंदुमाधव जोशी यांच्याबरोबर संगीतकार सुधीर फडके यांचाही स्थापनेत पुढाकार होता. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, पंचायतीने एकत्रित खरेदी करायची आणि माल एका सभासदाच्या घरी येऊन तिथे सगळ्यांनी वाटून घ्यायचा. दुकानात न जाता, माल डोळ्यांनी न बघता केलेली ही खरेदीच होती, तीही घाऊक. पण तिच्यात तीन थांबे होते. यादी लिहिताना डबे उघडून बघावे लागत, महिना पुरा व्हावा लागे, आणि वाटपाच्या दिवशी शेजारीण विचारे, "एवढा साबुदाणा? कोण उपास करतंय तुमच्याकडे?"

वाण्याकडेही आणि घरातही असेच थांबे होते. खात्याची वही होती, आणि मागची बाकी वाढली की त्याच्या चेहऱ्यावर ती दिसे. पगाराची तारीख होती. आईचा तांदळाच्या डब्यातला पैसा होता, तो काढताना हात कोपरापर्यंत तांदळात जाई. काटकसर हा मराठी मध्यमवर्गाचा स्वभावगुण म्हणून मिरवला गेला खरा, पण तिच्यातला बराच भाग माणसांच्या अंगचा नव्हताच. तो या थांब्यांचा होता.

गेल्या पंचवीसेक वर्षांत जगातल्या हुशार माणसांनी हे थांबे एकेक करून उखडले. एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट अ‍ॅमेझॉनला १९९९ साली मिळालं. पत्ता, कार्ड क्रमांक, 'नक्की का?' असे सगळे टप्पे त्यात गळाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एक प्रयोग केला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी त्यांनी विद्यार्थ्यांकडून बोली मागवल्या. काहींना रोख पैसे द्यायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांनी साधारण दुप्पट बोली लावली. तिकीट तेच, खिसा तोच. फक्त नोट मोजून देताना होणारी बारीकशी कळ नाहीशी झाली होती.

भारतात हे सगळं झपाट्याने घडलं. २००७ साली बंगळुरूमध्ये सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० साली कॅश ऑन डिलिव्हरी आणली, कारण कार्ड वापरायला लोक बिचकत होते. अ‍ॅमेझॉन इथे आलं २०१३ साली. ६ ऑक्टोबर २०१४ च्या 'बिग बिलियन डे'ला इतकी झुंबड उडाली की फ्लिपकार्टची साइट कोलमडली आणि संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनची प्राइम सदस्यताही भारतात आली. एकदा वर्षाची वर्गणी भरली की प्रत्येक वेळी डिलिव्हरीचे पैसे वाचतात, म्हणून शंभर रुपयांची वस्तू एकटी मागवायलाही काही वाटेनासं होतं. वर्गणी वसूल करायची तर मागवायलाच हवं! लग्नाच्या बुफेत पाच प्रकारची आइस्क्रीम खाणाऱ्या पाहुण्याचा हिशोब तो हाच.

बाहेर पडायची वाट मात्र तितकी सोपी ठेवलेली नसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली अ‍ॅमेझॉनवर दावा केला, त्यात प्राइम रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' म्हणत असल्याचं नमूद होतं. दहा वर्षं चाललेल्या ट्रॉयच्या युद्धावरचं ते ग्रीक महाकाव्य. ज्याने हे नाव ठेवलं त्याला विनोदबुद्धी होती, आणि आपण काय करतोय याची पूर्ण जाणीवही. सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने २५० कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटवलं.

भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'डार्क पॅटर्न्स' या नावाखाली तेरा प्रकार त्यात मोजले आहेत. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली जादा वस्तू, शेवटच्या पानावर उगवणारे आकार, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी बटणावरची वाक्यं. ही यादी वाचणाऱ्याला पहिल्यांदा हसू येतं, मग आठवतं की गेल्याच आठवड्यात यांतल्या चार प्रकारांनी आपला खिसा हलका केला.

त्यात भर सवलतीच्या गणिताची. १,९९९ वर काट मारून ६४९ लिहिलेलं असतं आणि खाली हिरव्या अक्षरांत 'तुम्ही १,३५० रुपये वाचवले'. छापील कमाल किंमत ही कमाल मर्यादा आहे, वस्तूचं मोल नव्हे. पण काटकसरीच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला 'वाचवले' या शब्दाइतका गोड शब्द नाही. ६४९ रुपये गेले ही गोष्ट त्या हिरव्या ओळीत कुठेच येत नाही. ज्या संस्काराने हात आखडायचा, त्याच संस्काराला धरून हात सैल करवला जातो.

मग रुखरुख करते काय? बऱ्याचदा ती पुढच्या खरेदीची सोय करते. 'रिटर्न' हे तिचं आवडतं प्रायश्चित्त. कुर्त्याची दोन मापं मागवायची, एक परत करायचं. परत केलेल्याचे पैसे खात्यात आले की मिळकत झाल्यासारखं वाटतं आणि ते दुसऱ्याच वस्तूकडे वळतात. कापडी पिशवी वापरणारा, पुठ्ठा वेगळा काढून रद्दीवाल्याला देणारा माणूस स्वतःवर इतका खूष होतो की पुढच्या खोक्याला मनातल्या मनात परवानगी मिळून जाते. एका सत्कृत्याच्या बळावर पुढची सूट घेण्याच्या या प्रवृत्तीचा मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. उपासाच्या दिवशी साबुदाणा वडे हाणणाऱ्यांना मात्र तो अभ्यास वाचायची गरज नाही.

तिसऱ्या खात्याचं, म्हणजे पाठीवर बोजा घेतलेल्या पोराचं, असंच होतं. दारात पाण्याचा ग्लास पुढे केला जातो, दिवाळीला लाडूचा पुडा हातात दिला जातो, पाच तारे दाबले जातात. हे चांगलंच. पण ते खोकं जिथून निघतं तिथलं काय? यंत्रमागांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीच्या आसपास आता मैलोन्‌मैल गोदामं पसरली आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातल्या मानेसरच्या अ‍ॅमेझॉन गोदामातून बातमी आली. सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाण्याला किंवा स्वच्छतागृहात जाणार नाही अशी शपथ कामगारांकडून घेतली गेल्याची तक्रार होती, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केंद्राकडे खुलासा मागितला. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. एवढ्या माणसांच्या विम्याचा, विश्रांतीचा आणि अपघाताचा प्रश्न पाण्याच्या ग्लासाने सुटणारा नाही, हे ग्लास देणाऱ्यालाही कळतं. ग्लास विसळून ठेवताना तो विचारही विसळला जातो.

इथे वाण्याच्या दुकानाची आरती ओवाळण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. ज्या दुकानात पावती मागितली की कपाळावर आठी पडायची, सॅनिटरी पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून मिळायचं आणि कोण काय घेतंय हे गल्लीला तासाभरात कळायचं, ते दुकान सगळ्यांना सारखं प्रेमळ नव्हतं. तालुक्याच्या गावातल्या मुलीला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घरबसल्या मिळतं, गुडघे धरलेल्या एकट्या आजोबांना औषध आणि दूध दारात मिळतं, व्हीलचेअरवरच्या माणसाला अरुंद पायऱ्यांचं दुकान टाळता येतं. फ्लिपकार्टने विकलेलं पहिलं पुस्तकही महानगरात न जाता महबूबनगरला गेलं होतं. यांच्याकडे रुखरुखीची चैन नाही आणि असायचं कारणही नाही.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खरेदीच्या अनावर ओढीला ओनिओमेनिया म्हणजे खरेदीचं वेड असं नाव दिलं होतं, तेव्हा विकत घ्यायला बहुधा पेठेत जावं लागायचं. ज्यांची ओढ त्या टोकाला जाते त्यांना उपचारच हवेत. तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. पण चारशे दोनमधली बाई आजारी नाही, पाचव्या मजल्यावरचे गृहस्थही नाहीत. त्यांच्या वाटेतले थांबे कुणीतरी काढून नेले, आणि आता ते स्वतःच्या संयमाला बोल लावत बसले आहेत.

काही घरं हे थांबे परत उभे करताना दिसतात. फोनमधलं साठवलेलं कार्ड पुसून टाकायचं, म्हणजे दर वेळी सोळा आकडे घालावे लागतात आणि पाकीट आणायला उठावं लागतं. फ्रिजवर चुंबकाने यादी अडकवायची आणि ऑर्डर फक्त रविवारी. कार्टमध्ये टाकलेली वस्तू दोन रात्री तिथेच झोपू द्यायची. यात नवं काहीच नाही. पगाराची तारीख, यादी आणि पोस्टमनची वाट हेच तीन जुने थांबे नव्या कपड्यांत आले आहेत. फक्त पूर्वी ते गल्लीने, संघाने आणि वाण्याच्या वहीने सांभाळले होते, आता एकेका घराला आपापले सांभाळावे लागतात. म्हणून ते टिकतात साधारण पुढच्या सेलपर्यंत.

दसरा उलटतो, दिवाळी चार दिवसांवर येते. सोसायटीच्या पार्किंगमागे पोरं किल्ला करायला घेतात. विटा आता मिळत नाहीत, म्हणून सांगाडा खोक्यांचा. मोठी तीन तळाला, त्यावर मधली, सगळ्यांत वर बालेकिल्ल्याचं एक छोटं. त्यावर भिजवलेलं पोतं अंथरून मातीचा लेप चढतो, हळीव पेरले जातात. मातीचे मावळे मागच्या वर्षीचेच आहेत, दोघांच्या तलवारी तुटल्या आहेत. उजव्या बुरुजावर लेप पातळ पडलाय आणि लेबलाचा कोपरा दिसतोय: बारकोड, त्याखाली ४०२. एक पोरगी माती लावायला हात पुढे करते, तेवढ्यात दुसऱ्याला आठवतं की दरवाज्यासाठी एक खोकं कमी पडतंय. ती जिन्याकडे बघून ओरडते, "काकू, अजून एक आहे का?"

वरून गॅलरीतून उत्तर येतं, "उद्या संध्याकाळी येतंय."