रडू कुणाच्या मालकीचं?

मी अभिनयाचा शिक्षक नाही, हे आधीच सांगतो. हिंजवडीत बॅकएंडचा कोड लिहितो. पण पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एक जुनी रीत आहे. पास होऊन गेलेले सीनियर स्पर्धांच्या दिवसांत परत येतात, 'दादा' म्हणवून घेतात आणि ज्युनियर्सच्या तालमी घेतात. नाटक हा काही अभ्यासक्रमातला विषय नाही, त्यामुळे आम्हीच काय ते गुरुजी. संगीताला वेगळा दादा असतो. गाणाऱ्या मुलांकडून अभिनय करून घेणं माझ्याकडे.

तीन वर्षांपूर्वी धरणात बुडणाऱ्या गावावरची संगीत एकांकिका बसवत होतो. घर सोडताना नायिका गाते. ती भूमिका करणारी मुलगी सेकंड इयरची, लहानपणापासून गाणं शिकलेली, सुराला पक्की. चेहरा मात्र व्हायव्हाला बसल्यासारखा. मी दोन दिवस 'फील कर, फील कर' करत राहिलो. (अभिनय शिकवताना याहून निरुपयोगी सूचना नसेल. कोड चालत नाहीये म्हणणाऱ्याला 'नीट लिही' सांगण्यासारखं.) तिसऱ्या दिवशी विचारलं, तुझं जवळचं कुणी गेलंय का? म्हणाली, आजोबा, मागच्या वर्षी. मग तिला डोळे मिटायला लावले. त्यांची खोली आठव. वास कसला येतोय? खुर्ची कुठे आहे? बाराएक जण गोल करून बसलेले. ती रडली. कुणी हललं नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटलं.

ही युक्ती माझी नव्हे. स्तानिस्लावस्कीच्या सुरुवातीच्या काळातली 'भावनिक स्मृती', जी पुढे अमेरिकेत ली स्ट्रासबर्गने आपल्या मेथडच्या केंद्रस्थानी ठेवली. मी तेवढंच वाचलं होतं. १९३४ साली स्टेला अॅडलर पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लावस्कीला भेटली आणि परत येऊन तिने सहकाऱ्यांना सांगितलं, की त्याचा भर आता कृतीवर आणि नाटकातल्या परिस्थितीवर आहे. हे प्रकरण मी नंतर वाचलं. तो १९१८पासून बोल्शोयच्या गायकांबरोबर काम करत होता, हेही. गाणाऱ्या नटांचा अनुभव घेतलेल्या माणसाला भावनेपेक्षा कृती भरवशाची वाटली असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

कारण आमची पंचाईत लगेचच झाली. रडताना घसा आवळतो, श्वास तुटतो. गायला नेमकं याच्या उलट लागतं. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले त्यांत अश्रू आहेत, तसाच स्वरभेदही आहे. गद्य नाटकात आवाज फाटला तर टाळी मिळते. इथे तबला थांबत नाही. तिचा वरचा षड्ज रोज खाली राहू लागला. मी ठरवलं, सवयीने जमेल. चार दिवस रोज आजोबांची खोली. पाचव्या दिवशी रडू आलंच नाही. तालीम संपल्यावर पार्किंगमध्ये ती म्हणाली, "दादा, आता आजोबा आठवले की हे गाणंच आठवतं."

तक्रारीच्या सुरात नाही, सहज म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

मी जबरदस्ती केली नव्हती. 'नको वाटलं तर सांग' असंही म्हणालो होतो. पण समोर दादा, भोवती बारा जण आणि मेन रोल हातात. अशा वेळी 'नको' म्हणण्याची किंमत काय असते ते मला माहीत होतं. मीही कधीकाळी त्याच गोलात बसलेला. ऑफिसात ग्राहकांचा खरा डेटा चाचणीसाठी वापरायला मनाई असते. नावं, नंबर बदलून मगच हात लावायचा. त्यावरून मी नव्या मुलांना झापलेलंही आहे. संध्याकाळी कॉलेजात जाऊन मात्र मी एका मुलीचा खरा डेटा चार दिवस चालवत होतो.

मित्र म्हणाला, तू उगाच पाल्हाळ लावतोस, कला अशीच होते, कवी आईच्या मरणावर कविता लिहितोच ना? लिहितो. पण केव्हा लिहायची, लिहायची का, हे तो ठरवतो. शनिवारी साडेसात वाजता तिसरी घंटा झाल्यावर, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.

अशा वादात बालगंधर्वांचं उदाहरण निघतंच. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. आपल्याकडे ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगतात. मला आता त्यात वेगळंच दिसतं. त्यांनी ते दुःख भामिनीला दिलं नाही, बाहेर ठेवलं. मी जे करत होतो ते याच्या बरोबर उलटं. (त्यांना ते बाहेर ठेवावं लागलं, हे बरं की वाईट, हा प्रश्न राहतोच.)

आम्ही तो प्रसंग बदलला. गाताना तिने देव्हाऱ्यातले देव एकेक करून फडक्यात बांधायचे, आणि फडकं लहान पडतं. एवढंच. गाठ बसत नाही, पुन्हा सोडायची, पुन्हा बांधायची. प्रयोगात मागच्या रांगेत कुणाची तरी आई हुंदके देत होती. नंतर तिला विचारलं, मनात काय चाललं होतं? "गाठ. आणि समेवर यायचं." प्रेक्षकांना आपण फसवलं असं मला वाटलं नाही. त्या बाईंचं रडू त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते कुठून आलं हे त्यांना कुणी विचारलं नाही.

यंदा फर्स्ट इयरचा एक मुलगा आला. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. स्वतःहून म्हणाला, "दादा, मला ते वापरायचंय." मी नको म्हणणार होतो. मग वाटलं, दुःख त्याचं आहे, नको म्हणणारा मी कोण? तिला विचारलं नव्हतं ही एक चूक, याला अडवलं तर ती दुसरी. शेवटी म्हणालो, वापर, पण मला सांगू नकोस, कुणालाच सांगू नकोस. तालमीत मी तुला फक्त हात, पाय आणि श्वास याबद्दल बोलेन.

तो वापरतो की नाही, मला ठाऊक नाही. गाणं चांगलं होतंय. दुसऱ्या अंतऱ्यात श्वास कमी पडतो, त्यावर काम चालू आहे.