अतिभार आणि अहिंसा

वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन दिगंबर जैन परंपरांच्या भट्टारकपीठांचे, म्हणजे धर्मगुरूंच्या गाद्यांचे, जुने केंद्र असून, तेथील मंदिरांनी हस्तलिखितांची मोठी भांडारे जपली आहेत. या परंपरांना प्रमाण असलेल्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बट्टा लावणारी कृत्ये, सांगितले आहेत. बांधणे, मारणे, अवयव छेदणे आणि अन्नपाणी तोडणे यांच्या जोडीला तेथे अतिभारारोपण, म्हणजे झेपेल त्याहून अधिक ओझे लादणे, हेही येते.

हा नियम मुख्यतः ओझ्याच्या जनावरांविषयीचा आहे. परंतु तो प्रवासी होडीलाही लावून पाहता येतो. लादलेला बैल धापा टाकतो, अडून बसतो, तर भरलेली होडी निमूटपणे खाली दबत जाते, पाणी आणि होडीचा काठ यांतले अंतर वीतभर उरते आणि उभे प्रवासी एका बाजूला झुकले की तेवढेही उरत नाही.

18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरी (एलिफंटा) बेटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची नियंत्रण सुटलेली स्पीडबोट आदळली. टक्कर गर्दीमुळे झाली नव्हती. तथापि 84 प्रवासी आणि 6 कर्मचारी एवढी परवानगी असलेल्या त्या लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती, हे नंतर उघड झाले. एरवी अशा फेऱ्या सुखरूप पार पडतात आणि त्यामुळेच दोष कोणाला दिसत नाही. जैन विचार मात्र हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावध आणि विकारवश वृत्तीत, पाहतो. म्हणून कोणी बुडाले नाही, एवढ्याने प्रमाद पुसला जात नाही.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि संमती दिलेले, ही त्रयी उत्तर देते. जादा माणसे घेणारा तांडेल, ती घ्यायला लावणारा मालक आणि धक्क्यावर काणाडोळा करणारा अधिकारी हे तिघेही तीत येतात. दाटीवाटीने चढणारा प्रवासीही संमती देतो, हे खरे; परंतु त्याला बहुधा परवान्यातील आकडा माहीत नसतो आणि अनेकदा दुसरी लाँचही नसते. ज्याला आकडा ठाऊक आहे आणि ज्याच्या हाती दोर सोडण्याचा अधिकार आहे, त्याचा दोष सर्वांत मोठा. आणि तो होडी बुडाल्यावर नव्हे, परवान्यापलीकडचा पहिला माणूस आत घेतला तेव्हाच घडलेला असतो.