ध्वनी आहे, चित्र नाही: दोष कोणाचा?

एखादी वस्तू जिथे असावयास हवी तिथे असली, म्हणजे तिच्याविषयी फारसे प्रश्न उद्भवत नाहीत. ती तिथे नसली, म्हणजे मात्र मनुष्याची बुद्धी आणि त्याची वृत्ती अशा दोहोंची परीक्षा एकदमच सुरू होते. बुद्धी विचारते, "कारण काय?" वृत्ती विचारते, "कोणी केले?" वरकरणी हे दोन प्रश्न जुळ्या भावंडांसारखे दिसतात, परंतु पहिल्यातून शोध निघतो आणि दुसऱ्यातून आरोप. या दोहोंतील अंतर न्यायालयात जितके महत्त्वाचे, तितकेच घराच्या दिवाणखान्यातही महत्त्वाचे आहे. ते दाखविण्यासाठी वरवर क्षुल्लक वाटणारे, पण आज अनेक घरांतून घडणारे एक उदाहरण घेऊ.

चवथीचे दिवस आहेत असे समजा. मखरासाठी आणि माटोळीसाठी जागा करावी लागते, म्हणून दिवाणखान्यातील टीव्ही आणि होम थिएटरचा रिसीव्हर बाजूच्या खोलीत हलविला जातो. विसर्जनानंतर सारे पुन्हा जागेवर येते. सेट-टॉप बॉक्सची केबल रिसीव्हरला आणि रिसीव्हरची केबल टीव्हीला जोडली जाते. सायंकाळी यजमान यंत्र सुरू करतात, तो स्पीकरांतून ध्वनी उत्तम येतो, पडदा मात्र काळाच राहतो. पाच मिनिटांच्या आत घरात निकाल लागतो. सकाळी त्या फळीवरून फडका मारला तो कामवालीने. म्हणजे बिघाड तिचाच. तिला कोणी काही विचारीत नाही. दुरुस्तीचा खर्च तिच्या पगारातून कापावा, अशीही भाषा निघते.

फौजदारी कायद्यात या प्रकारच्या अनुमानाशी आमची नित्य गाठ पडते. मृत व्यक्तीसोबत जो अखेरचा दिसला, त्याच्यावर संशय जाणे स्वाभाविक आहे. पण तेवढ्यावरून, इतर पुरावा नसता, दोषसिद्धी करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. शिवाजी साहेबराव बोबडे खटल्याच्या १९७३ सालच्या निकालात 'त्याने केले असेल' आणि 'त्यानेच केले असले पाहिजे' यांमधील अंतर फार मोठे असते, हे न्यायालयाने बजावले. पुढे १९८४ मध्ये शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या गेल्या आणि त्यांना पंचशील असे नाव मिळाले. त्यांचे सार असे की, पुराव्याची साखळी अखंड हवी आणि आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कोणताही संभव तिने शिल्लक ठेवता कामा नये. हे दोन्ही खटले महाराष्ट्रातलेच. आमच्या दिवाणखान्यातील न्यायदान या कसोट्यांपैकी एकीलाही उतरत नाही. आणि तिथे अपिलाची सोयही नाही.

मग योग्य शोध कसा करावा? आपल्या दर्शनकारांनी अभावाच्या ज्ञानाचा विचार फार बारकाईने केला आहे. घट जमिनीवर नाही हे आपल्याला कशाने कळते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात की, अनुपलब्धी हे त्याचे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिकांना ते मान्य नाही, ते अभावही प्रत्यक्षानेच कळतो असे म्हणतात. पण एका मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे: ती अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्याला किंमत. काळोखात घट दिसला नाही, यावरून घट नाही असे ठरत नाही.

हा नियम काळ्या पडद्याला लावून पाहावा. टीव्हीला मागे दोन, तीन किंवा चार एचडीएमआय खाचा असतात आणि रिमोटने त्यांपैकी एकच निवडलेली असते. केबल दुसऱ्या खाचेत आणि निवड पहिलीची, असे झाले तर चित्र दाराशी येऊन उभे असते आणि आपण भलतेच दार उघडून "कोणी नाही" म्हणत असतो. रिसीव्हरलाही कित्येकदा दोन आउटपुट असतात. केबल एकात आणि निवड दुसऱ्याची, असाही प्रकार घडतो. म्हणून पहिला प्रश्न यंत्राला किंवा कामवालीला न विचारता स्वतःच्या पाहण्याला विचारावा. नदी पार केल्यावर सोबत्यांची गणती करताना स्वतःला मोजावयास विसरणाऱ्या दहा जणांची वेदान्तातील गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच. हरवलेला दहावा पुष्कळदा शोधणाऱ्यापाशीच असतो.

यानंतर साक्षीदार. ध्वनी येतो आहे, हीच एक मोठी साक्ष आहे. एचडीएमआय केबलीतून ध्वनी वेगळ्या तारेने येत नाही. चित्राच्या दोन ओळींमध्ये आणि दोन चौकटींमध्ये जी रिकामी जागा असते, तिच्यात तो बसवून पाठविलेला असतो. म्हणजे सेट-टॉप बॉक्सपासून रिसीव्हरपर्यंत एकच केबल असेल आणि ध्वनी निर्वेध येत असेल, तर तेवढा मार्ग बहुतेक निर्दोष धरावा आणि संशय रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्यावर न्यावा. ध्वनीसाठी निराळी ऑप्टिकल केबल जोडली असेल, तर मात्र ही साक्ष बाद होते. दुसरा साक्षीदार म्हणजे रिसीव्हरची स्वतःची सेटिंगची यादी. ती पडद्यावर उमटली, तर रिसीव्हर ते टीव्ही हा मार्ग खुला आहे आणि बिघाड अलीकडे आहे. तिसरी परीक्षा अन्वय-व्यतिरेकाची: रिसीव्हर मधून काढून सेट-टॉप बॉक्स सरळ टीव्हीला जोडावा. चित्र आले, तर बॉक्स, टीव्ही आणि ती केबल या तिघांची सुटका झाली. मग एकेक केबल, एकेक खाच बदलून पाहावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या शोधाचा धर्म आहे. घाईघाईने चार केबली उपटून चार पुन्हा खोचल्या आणि चित्र आले, तर गृहस्थ म्हणतो, "पाहा, तिनेच केबल सैल केली होती." हा काकतालीय न्याय झाला, कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एक गाठ पडली, एवढेच. नैयायिक ज्याला अन्यथासिद्ध म्हणतात, त्याचा दाखला कुंभाराच्या गाढवाचा आहे. मडके घडले तेव्हा माती वाहून आणणारे गाढव तिथे होते खरे, पण गाढव हे मडक्याचे कारण नव्हे. फडका मारणारी बाई त्या सकाळी तिथे होती. तेवढ्याने ती बिघाडाचे कारण ठरत नाही.

येथवर प्रश्न केवळ पद्धतीचा होता. खरा नैतिक पेच पुढे आहे. सर्व परीक्षा झाल्या, बॉक्स निर्दोष, रिसीव्हर निर्दोष, टीव्ही निर्दोष, केबली नव्या कोऱ्या, आणि तरीही तिघे एकत्र आले की चित्र नाही, असे घडते. त्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. एचडीएमआयची पहिली संहिता २००२ सालची. तिच्या जोडाला एकोणीस संपर्क असतात. त्यांतील एकाने टीव्ही आपले अस्तित्व कळवितो आणि दुसऱ्या दोहोंवरून कोणकोणती चित्रे आपण दाखवू शकतो हे सांगतो. एवढ्यावर भागत नाही. इंटेल या कंपनीने विकसित केलेली एचडीसीपी नावाची पहारेदारी त्यात बसविलेली असते. तिच्या पहिल्या पिढीत प्रत्येक यंत्राजवळ चाळीस गुप्त किल्ल्या असतात आणि चाळीस अंकांची एक ओळख असते, जिच्यात वीस एक आणि वीस शून्ये असलीच पाहिजेत. संरक्षित चित्र सोडण्यापूर्वी पाठविणारे यंत्र घेणाऱ्याची ओळख पटवून घेते आणि त्यानंतरही सुमारे दर दोन सेकंदांनी ती पुन्हा तपासते. रिसीव्हर हा मधला दूत असल्यामुळे त्याला आपल्या पलीकडे कोण कोण आहे, याची यादी आधी सादर करावी लागते.

ही बोलणी कुठे फिसकटली की पडदा काळा होतो. कधी मुंग्या दिसतात, कधी ध्वनी राहतो, कधी तोही जातो. सर्व यंत्रांचे प्लग काढून काही मिनिटे थांबावे आणि आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग बॉक्स अशा क्रमाने सुरू करावे, या उपायाने जे अनेकदा साधते त्याचे कारण एवढेच की, तिघांची ओळख नव्याने होते. पण फोर-के चित्रासाठी २०१३ च्या सुमारास आलेली एचडीसीपी २.२ ही नवी आवृत्ती लागते. बॉक्स नवा, टीव्ही नवा आणि मधला रिसीव्हर त्याआधीचा असेल, तर कितीही वेळा प्लग काढले तरी ते फोर-के चित्र त्याच्यातून पलीकडे जाणार नाही. इथे दोषी कोण? कोणीच नाही. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर दोष द्रव्यात नसून संयोगात आहे. हा निर्णय मनुष्यस्वभावाला मानवत नाही. घराण्यांतील आणि संस्थांतील कितीतरी तंटे याच जातीचे असतात: दोन्ही पक्ष सचोटीचे असतात, फक्त एकाची रीत दुसऱ्याला कळत नाही, तरीही लोकांना एक अपराधी हवाच असतो.

आता पहारेदारीचाच विचार करू. आपल्या फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व असे की, दोष सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घालण्यात आले. संरक्षणाची तांत्रिक योजना कोणी मोडली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड अशी शिक्षा त्यात आहे. पण ती योजना हक्कभंगाच्या हेतूने मोडलेली असली पाहिजे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. कायदा हेतू विचारतो. यंत्र हेतू विचारीत नाही. ते प्रत्येकाला संशयित धरून आधी निर्दोषत्व सिद्ध करावयास लावते, आणि तेही दर दोन सेकंदांनी. याउपर २०१० साली या व्यवस्थेची मूळ किल्लीच फुटली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. म्हणजे निर्ढावलेल्या चोरट्याला वाट मोकळी झाली आणि पैसे मोजून वस्तू घेणारा गृहस्थ दारातच अडून राहिला.

यावर आक्षेप घेतला जाईल की, घराला कुलूप लावणे म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणे नव्हे. आक्षेप वजनदार आहे. चित्रपट हा शेकडो लोकांच्या श्रमाचा संचय असतो. तो फुकट लुटला गेला तर नट, गायक, वादक, तंत्रज्ञ या सर्वांचेच पोट मारले जाते. आपण देवळालाही कुलूप लावतो आणि त्याने भक्ताचा अपमान होत नाही. म्हणून कुलूप असण्याविरुद्ध माझी तक्रार नाही. माझी तक्रार कुलपाच्या मौनाविरुद्ध आहे. देवळाचे दार बंद असले, तर बाहेर दर्शनाच्या वेळा लिहिलेल्या असतात. निदान गुरव तरी येऊन सांगतो. काळा पडदा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. एस. एन. मुखर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली असे ठरविले की, न्यायनिर्णय करणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने, कायद्यानेच सूट दिली नसेल तर, आपल्या निर्णयाची कारणे नमूद केली पाहिजेत. कारणे दिली म्हणजे निर्णय योग्यच असतो असे नव्हे. पण कारण माहीत असले म्हणजे अन्याय झाला तर तो दाखविता येतो. यंत्राचा काळा पडदा हा कारणे न दिलेला हुकूम आहे.

अशा हुकुमाचे ओझे शेवटी कोठे जाऊन पडते, ते पाहावे. यंत्र बनविणारा म्हणतो, केबल पाहा. केबल विकणारा म्हणतो, यंत्र पाहा. दुरुस्तीवाला पुष्कळदा पाहिल्यावाचूनच "बोर्ड गेला" म्हणतो. यजमानाला यांपैकी कोणाचीही उलटतपासणी घेता येत नाही. तेव्हा त्याचा रोष, उतारावरच्या पाण्यासारखा, ज्याला उत्तर देण्याची सोय नाही त्याच्याकडे वाहू लागतो. ज्या नकाराला कारण नाही, त्याचे कारण म्हणून अखेर एखादा दुर्बळ मनुष्य पुढे केला जातो. दिवाणखान्यात ती कामवाली असते. कचेरीत शिपाई असतो. संस्थेत एखादा तुटपुंज्या पगाराचा कारकून असतो. आज रेशनपासून बँकेपर्यंत कितीतरी दारांवर यंत्रेच माणसाची ओळख तपासू लागली आहेत. तिथे हाच न्याय चालू लागला, तर त्याची किंमत एका सायंकाळच्या करमणुकीपुरती राहणार नाही.

यंत्राला धर्म शिकविणे आपल्या हाती नाही. स्वतःचा धर्म पाळणे आहे. चित्र दिसत नाही, ही घटना आहे. कोणीतरी बिघडविले, हा आरोप आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्यापूर्वी आपले पाहणे योग्य होते का, हे तपासावे; साक्षीदारांना क्रमाने बोलू द्यावे; आणि शोधाअंती कोणाचाच दोष नाही असे निघाले, तर तो निर्णय निमूटपणे स्वीकारण्याचे धैर्य ठेवावे. काळ्या पडद्याचे कारण सापडावयास दोन दिवस लागले, तरी घराचे फारसे काही बिघडत नाही. पण न विचारता कापलेले कामवालीचे दोनशे रुपये मात्र, पुढे चित्र आले तरी, सहसा परत केले जात नाहीत.