निष्ठेचे तारण

भागवताच्या सप्तम स्कंधात हिरण्यकशिपूचा वध झाल्यावर नृसिंह प्रल्हादाला वर मागावयास सांगतो, तेव्हा तो बालक जे उत्तर देतो ते व्यापारशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळावयाचे नाही, आणि तरीही व्यापाराविषयी इतके मर्मग्राही विधान मला दुसरे ठाऊक नाही. धन्याकडून आपल्या कामना पुरवून घेण्याची आशा जो धरतो तो सेवक नसून वणिक होय, असे प्रल्हाद प्रथम म्हणतो. हा अर्धा भाग कीर्तनकारांच्या तोंडून आपण पुष्कळदा ऐकलेला असतो. त्याला लागूनच येणारा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. सेवकावरील आपले स्वामित्व टिकावे एवढ्यासाठी जो देणग्या देतो, तोही खरा स्वामी नव्हे, असा त्याचा आशय आहे. आणि समोर साक्षात भगवंत उभा असताना हे बोलण्यास जे धैर्य लागले असेल ते अग्नीत बसण्याच्या धैर्याहून कमी नसावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आजच्या मोठ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांकडून ज्या निष्ठेची अपेक्षा करतात, जिच्यासाठी त्या स्वतंत्र खाती, स्वतंत्र अधिकारी आणि स्वतंत्र अंदाजपत्रके राखून असतात, ती निष्ठा प्रल्हादाच्या या दुहेरी कसोटीला उतरते काय, हा प्रश्न वरवर पाहता अप्रस्तुत वाटेल. व्यापार हा व्यापारच आहे, तेथे भक्तिशास्त्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण निष्ठा हा धर्मक्षेत्रातला पदार्थ बाजारात प्रथम कंपन्यांनीच आणला. नुसत्या नफ्याची भाषा त्यांनी ठेवली असती तर प्रल्हादाला साक्षीला बोलावण्याचे कारण पडले नसते.

अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन यांच्या कंपनीने हिरव्या तिकिटांची प्रथा पाडली. दुकानदाराने ही तिकिटे कंपनीकडून विकत घ्यावयाची, गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात वाटावयाची, गिऱ्हाइकाने ती पुस्तिकेत चिकटवावयाची आणि पुस्तिका भरल्या की त्यांच्या बदली एखादी वस्तू घेऊन जावयाची, असा तो व्यवहार होता. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशाने किती मैल प्रवास केला याचा हिशेब ठेवून मोफत प्रवासाची योजना काढली, आणि तिथून पुढे दुकाने, बँका, हॉटेले यांची कार्डे आपल्या खिशापर्यंत कशी आली हे सांगत बसण्याची गरज नाही. नवल वाटावे असा प्रकार घडला तो २०२० साली. महामारीने विमाने जमिनीवर आणली, तिजोऱ्या रित्या झाल्या, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली मायलेजप्लस ही योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले आणि डेल्टाने स्कायमाइल्सच्या तारणावर ९ अब्ज. कर्ज देणाऱ्यांना विमानांपेक्षाही मोलाची वाटलेली ती वस्तू कोणती होती? प्रवाशांची आपल्याकडेच परत येण्याची प्रवृत्ती, आणि ते मैल घाऊक भावाने विकत घेणाऱ्या बँकांशी झालेले करार. लाखो माणसांची निष्ठा येथे गहाण पडली, आणि त्या माणसांपैकी कोणाची त्या दस्तऐवजावर सही लागली नाही.

हे पाश्चात्त्य भांडवलशाहीचे नवे कौशल्य आहे असे मात्र आपण समजू नये. या विद्येत आपली क्षेत्रे कैक पिढ्यांनी पुढे होती. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, कोठेही उतरलेला यात्रेकरू गाव आणि आडनाव सांगतो, आणि घटकाभरात त्याचा तीर्थोपाध्याय कापडी बांधणीची लांबट वही काढून त्याच्यापुढे उलगडतो. तीत खापरपणजोबांचे नाव असते, ते कोणत्या शकात, कोणत्या तिथीस, कोणाकोणाला घेऊन आले होते याची नोंद असते, आणि तळाशी आजोबांची मोडीतली वळणदार सही असते. स्वतःच्या घरात ज्याच्या पूर्वजांच्या हातचा कागदाचा कपटाही उरलेला नाही, अशा माणसाला ती सही पाहून जो गहिवर येतो तो सर्वस्वी खरा आहे. त्या गहिवराच्या भरात तो पिंडदानाच्या दक्षिणेची घासाघीस करीत नाही, हेही तितकेच खरे आहे. आणि ही वही म्हणजे उपाध्यायाची मिळकत. भावाभावांच्या वाटणीत गावे आणि आडनावे वाटली जात, अडचणीच्या काळी यजमान गहाण पडत, विकलेही जात. यजमानवृत्तीला न्यायालयांनी मिळकतीचाच दर्जा दिला होता. गावजोशाची मजल तर याहूनही पुढे गेली होती. यजमानाने लग्नमुंजीला दुसरा ब्राह्मण बोलावला, तर वतनदार जोशी आपल्या दक्षिणेसाठी फिर्याद लावू शकत असे आणि ती वसूलही होत असे. ज्याला विधीस बोलावलेच नाही त्याला दक्षिणेवर दावा सांगता येणार नाही, एवढी साधी गोष्ट मुंबई इलाख्यात प्रस्थापित होण्यास १९२६ सालचा कायदा व्हावा लागला.

उपाध्यायाची वही आणि विमान कंपनीचे दप्तर यांत मला जातीचा फरक दिसत नाही. दोन्हींत माणसाच्या स्मृतीचा, सवयीचा आणि थोड्याशा अहंतेचा संचय करून त्याची मिळकत बनविलेली आहे. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांच्यापुढे १८१० साली धंद्याच्या नावलौकिकाचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी त्याची फोड फार रोखठोक केली: जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येण्याचा संभव, याहून त्यात अधिक काही नाही. जे विकता येते, गहाण ठेवता येते, ते एवढेच असते. संभवाला किंमत करता येते; निष्ठेला करता येत नाही, कारण मालक बदलल्याबरोबर जी नव्या मालकाच्या खाती आपोआप जमा होते ती निष्ठा म्हणण्यास जीभ रेटत नाही. कंपन्यांनी याला सवय म्हटले असते तर तक्रारीला जागा नव्हती.

पण मग माणसामाणसांतील जिव्हाळ्याचे काय? येथे प्रकरण अवघड होते. आमच्या पेठेतल्या किराणा दुकानदाराकडे प्रत्येक घराची उचापतीची वही असे. आमच्या शेजारच्या घरी कर्ता पुरुष गेला, तेव्हा तेराव्याच्या आदल्या दिवशी या गृहस्थाने कोणी यादी न देता साखर, तूप, तांदूळ, हरभऱ्याची डाळ असा सगळा जिन्नस पोऱ्याबरोबर धाडला, स्वतः येऊन ओसरीवर अर्धा तास न बोलता बसला, आणि दुकानात परतल्यावर तो सारा माल त्या घराच्या वहीत नेहमीच्या भावाने नावे लिहिला. पुढे कित्येक महिने त्याने तगादा केला नाही. बाकी सोडली मात्र नाही. या माणसाच्या वर्तनात प्रेम किती आणि धोरण किती, याची मखलाशी त्याची त्यालाही करता आली नसती.

कांटने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात नेमका एक दुकानदारच उदाहरणाला घेतला आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाला फसवीत नाही, सर्वांना एकच भाव लावतो, लहान मूलही त्याच्याकडे निर्धास्तपणे खरेदी करू शकते. तथापि हे तो कर्तव्यबुद्धीने करतो असे मानण्यास आधार नाही, कारण त्याचा स्वार्थही त्याला हेच करावयास सांगतो, आणि गिऱ्हाइकांविषयीच्या प्रेमामुळे तो एकाला दुसऱ्याहून स्वस्त देत नाही असे समजण्याचेही कारण नाही. कांटचे हे विवेचन तर्काला धरून आहे, पण ओसरीवर अर्धा तास मुकाट बसलेल्या माणसापुढे ते मला अपुरे वाटते. स्वार्थ आणि स्नेह यांचे धागे जिथे मुळातच एकत्र विणलेले आहेत तिथे ते उसवून दाखविण्याने वस्त्राचे ज्ञान होत नाही. त्या दुकानदाराला मी प्रल्हादाच्या कसोटीवर दोषी ठरवणार नाही, कारण गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्यासाठी त्याने काही दिले नव्हते. जे दिले त्याचे दाम तो उघडपणे लिहून ठेवीत होता. फुकटचा आव त्यात नव्हता, आणि त्याची सभ्यता मला नेमकी तेथेच दिसते.

कांटला जी गोष्ट ओझरती सुचली तिचा विस्तार आपल्या महाभारतात आहे. शांतिपर्वातील जाजली हा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिले वाढवून उडविली. आणि आपण धर्म मिळविला असे तो म्हणू लागला, तेव्हा त्याला आकाशवाणीने बजावले की वाराणसीतल्या तुलाधाराची सर तुला आलेली नाही. तुलाधार हा सुगंधी द्रव्ये, रस, काष्ठे यांचा व्यापारी. मद्य तेवढे तो विकीत नसे. त्याचे धर्मरहस्य एवढेच की तो कोणाची मनधरणी करीत नाही, कोणाशी विरोध धरीत नाही, आणि त्याची तुला सर्वांना सारखी आहे.

या मनधरणी न करण्यापुढे आजचे सारे संबंधशास्त्र हतबल होते. त्याचा पायाच विषमतेवर आहे: रुपेरी, सोनेरी, प्लॅटिनम अशा गिऱ्हाइकांच्या श्रेणी पाडावयाच्या, वरच्या श्रेणीला वेगळी रांग द्यावयाची, आणि खालच्याला ती रांग दिसत राहील अशी व्यवस्था ठेवावयाची. जवळीक ही येथे कोणाला तरी दूर ठेवूनच निर्माण होते. (देवस्थानांतही सशुल्क दर्शनाची रांग निराळी असते, तेव्हा एकट्या कंपन्यांनाच दोष देणे न्यायाचे होणार नाही.) किराणा दुकानदाराचा जिव्हाळा तुलाधाराच्या समत्वाशी विसंगत नव्हता, कारण शोक झालेल्या घरी जाऊन बसला तरी तागडी त्याने सर्वांनाच एक लावली, जिव्हाळ्याचा परिणाम भावावर होऊ दिला नाही.

१९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधचिन्हासाठी गीतेच्या नवव्या अध्यायातील भगवंताचे आश्वासन घेतले. अनन्यभावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम मी वाहतो, असे ते आश्वासन. महामंडळाने त्यातला योगक्षेमाचा भाग स्वीकारला आणि अनन्यतेच्या जागी हप्ता ठेवला. हा बदल मी उपहासाने सांगत नाही. मर्त्य संस्थेने भक्ती न मागता हप्ता मागावा, हेच योग्य आहे. परंतु मराठी मध्यमवर्गीय घरात महामंडळ कोणी पाहिलेले नसते. पाहिलेला असतो तो विमा एजंट, जो मुलांची वये बिनचूक सांगतो, कारण ती त्यानेच अर्जात भरलेली असतात, आणि जो दुःखाच्या प्रसंगी दाव्याचे कागद स्वतः भरून, नुसती सही करा वहिनी, म्हणतो. तो संबंध कोणाचा? ज्या धंद्यांत नोकरी सोडणाऱ्या माणसाकडून जुन्या गिऱ्हाइकांना भेटणार नाही असे लिहून घेतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर त्या कलमातच देऊन ठेवले आहे. जिव्हाळा माणसाचा होता. कंपनी त्याची फक्त वहिवाटदार होती, आणि हे तिला पहिल्यापासून पुरते ठाऊक होते.

मग संस्थेविषयी निष्ठा असूच शकत नाही काय? गीता या बाबतीत प्रल्हादाहून उदार आहे. आर्त, जिज्ञासू आणि ज्ञानी यांच्याबरोबर अर्थार्थी भक्तालाही ती पंक्तीला बसविते, आणि हे सारेच उदार आहेत म्हणते. लाभासाठी आलेला पुढे लाभ विसरू शकतो, हे नवस फेडायला म्हणून निघालेल्या आणि पुढे वारीच धरलेल्या माणसांत आपण पाहतो. अट एवढीच की ज्याच्यापाशी तो आला ते त्या विस्मरणाला पात्र असावे. हार्वर्डचे तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी १९०८ साली निष्ठेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात निष्ठेचा विषय म्हणजे अनेक माणसांना एकत्र जोडणारे, व्यक्तीहून मोठे असे कार्य, अशी मांडणी आहे. या मापाने पाहिले तर इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ च्या डिसेंबरात उघडलेले, सभासदांच्याच मालकीचे दुकान मला वेगळे दिसते. तेथेही खरेदीच्या प्रमाणात पैसे परत मिळत, हिरव्या तिकिटांच्या आधी अर्धे शतक. पण ते कोणी खूश होऊन दिलेले नव्हते, सभासदाचाच पैसा हक्काने त्याच्याकडे येत होता. देणारा आणि घेणारा एकच असल्यामुळे स्वामित्व टिकविण्यासाठी देण्याचा प्रश्न उरला नव्हता.

१९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने चालविलेली सामूहिक खरेदी याच वंशातली. घरोघरची मंडळी एकत्र येतात, यादी करतात, आलेला माल आपसांत वाटून घेतात. तेथे कोणी कोणाला वाढदिवसाचा संदेश धाडून बांधून ठेवीत नाही, आणि म्हणूनच दोन रुपये स्वस्त मिळतात म्हणून मॉलकडे वळलेल्या सभासदाला परत आणण्याचे साधनही तेथे कोणापाशी नसते. त्याच्या दारी जाऊन, या महिन्याची यादी दिली नाहीत, एवढे विचारावे लागते, आणि तो काय म्हणेल याचा भरवसा नसतो.