मिलिंदाचा रथ आणि चासी नंबर

पुण्यात मोटार एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची असली, की संगम पुलाजवळच्या आरटीओत द्यायच्या कागदांत एक मोठा गमतीचा असतो. चासीवर ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. एकेक आकडा पांढरा राहत काजळीतून वर येतो. रंग कोणता, सिलिंडर किती, हे फॉर्मवर लिहून भागते. चासी नंबरचा मात्र ठसाच लागतो. मोटार म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला व्यवहाराने दिलेले उत्तर एवढेच आहे, आणि चार वर्षांच्या गाडीच्या बाबतीत ते कोणाला खटकतही नाही. नव्वद वर्षांच्या रोल्स-रॉइसपुढे मात्र ते अपुरे पडते. दुसऱ्या महायुद्धाआधी ही कंपनी ग्राहकाला विकायची ती फक्त चासी आणि इंजिन. वरची बॉडी हूपर, बार्कर असे बग्ग्या बांधणाऱ्यांच्या परंपरेतले कारखाने बांधत, तीही गिऱ्हाइकाच्या लहरीप्रमाणे. संस्थानिकांना कंटाळा आला की त्याच चासीवर नवी बॉडी चढे. म्हणजे जिला आज आपण ‘अस्सल’ म्हणतो ती गाडी जन्मापासूनच जोडकाम होती. त्यानंतरच्या काळात रेडिएटर बदलला, वाळवीने खाल्लेली लाकडी चौकट नवी घातली, कातडी गाद्या दोनदा शिवल्या. एवढे सगळे होऊन लिलावात कोट्यवधी रुपये मोजणारा माणूस विकत काय घेतो?

हा प्रश्न वाहनाच्याच निमित्ताने दोन हजार वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. सागल नगरीचा यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. महाराष्ट्राला ही दोन नावे परकी नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत काढलेले महाविद्यालय मिलिंदाच्या नावाचे आणि त्याचा परिसर नागसेनवन. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ पासून धर्मानंद कोसंबी पाली शिकवत होते. संवादात नागसेन राजाला विचारतो, की तू रथातून आलास ना, मग रथ दाखव. दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? जू? लगाम? या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ का? की यांच्याबाहेर कुठे रथ आहे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो, की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे व्यवहारातले नाव पडते, इतकेच. पालीतला शब्द आहे नाममत्त, म्हणजे आपला ‘नाममात्र’. आपण मराठीत तो ‘जेमतेम’, ‘नुसता म्हणायला’ अशा अर्थाने वापरतो, त्यामुळे त्यातली धार बोथट झाली आहे. नाव आहे म्हणजे वस्तू खोटी, असे नागसेन म्हणत नाही. राजा त्या रथातून खरोखर आला होता.

यावर कोणीही मोटारवाला म्हणेल, की रथाला चासी नंबर नव्हता. बाकी सारे बदलो, चासी टिकली तर गाडी टिकली. चासी हा तिचा आत्मा. युक्तिवाद आकर्षक आहे, पण चासीही खिळ्यारिबेटांनी जोडलेले लोखंडच. गंजलेला तुकडा कापून नवा जोडतात, नंबर असलेला भाग तेवढा राखतात. वैशेषिक दर्शनाच्या कठोर हिशेबाने तर एक धागा काढला तरी जुने वस्त्र संपते आणि दुसरे, तोकडे वस्त्र निर्माण होते. त्या न्यायाने प्रत्येक पाना फिरवताना एक मोटार मरते आणि दुसरी जन्मते. हे मान्य केले तर आरटीओला कुलूपच लागेल. लंडनच्या हायकोर्टापुढे १९९० साली नेमका हा घोळ आला. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलेने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकली होती. पुढे १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती ट्रॅकवरून उडाली, चालक क्लाइव्ह डनफी दगावला, आणि गाडी वेगळ्याच बॉडीसह पुन्हा उभी राहिली. कोर्टातला वाद तिच्या खरेदीचा, सौदा एक कोटी पौंडांचा. खरेदीदार म्हणाला, शर्यत जिंकलेल्या गाडीतले यात जवळजवळ काहीच उरलेले नाही, ही ती नव्हेच. वस्तुस्थिती त्याच्या बाजूने होती, तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडी तीच ठरवली. तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता, आणि ‘खरी मी’ म्हणत दुसरी कोणती गाडी पुढे आली नव्हती. चासीला आत्मा मानणाऱ्याला हा निकाल समजावून सांगता येत नाही, नागसेनाला येतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, तीच का? तीही नव्हे आणि वेगळीही नव्हे, असे त्याचे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. सगळे नावावरच असेल तर लबाडाला मोकळे रान: गंजक्या भंगारावर मोठ्या घराण्याचे नाव चिकटवा आणि विका. पण ग्रंथातच याचा बंदोबस्त आहे. एक माणूस दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरतो आणि राजापुढे म्हणतो, याने जी कोय लावली ती वेगळी, मी तोडले ते आंबे वेगळे. मी याचे काहीच चोरले नाही. मिलिंद ताबडतोब म्हणतो, शिक्षा होईलच, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळे आले. म्हणजे मालकीसाठी तोच पदार्थ टिकावा लागत नाही, यातून ते आले हा धागा टिकावा लागतो. खोटी गाडी खोटी ठरते ती तिच्यात नवे लोखंड आहे म्हणून नव्हे. तिच्या मागे धागाच नाही म्हणून. आपले २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम इथे थोडे भाबडे वाटतात. पन्नास वर्षांवरची गाडी ‘मूळ रूपात’ हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, असे ते म्हणतात. नोंदणीला वीस हजार रुपये, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, मुदत दहा वर्षे. दोन कारखान्यांनी मिळून घडवलेल्या आणि तीनदा बॉडी बदललेल्या गाडीचे मूळ रूप कोणते, हे कोण सांगणार? त्याच नियमांतली दुसरी तरतूद जास्त शहाणी आहे: आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो.

धागा हीच गाडीची ओळख असेल, तर मालकाच्या हाती येते काय? स्वत्व म्हणजे काय, यावर आपल्या धर्मशास्त्रात कडाक्याचा वाद आहे, भारतरत्न पां. वा. काणे यांच्या भांडारकर संस्थेने छापलेल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त त्याचा ऊहापोह सापडतो. एक पक्ष म्हणे, स्वत्व शास्त्रानेच कळते. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला विज्ञानेश्वर आपल्या ‘मिताक्षरा’ या टीकाग्रंथात म्हणतो, छे, ते लौकिक आहे. शास्त्राचा गंध नसलेले सीमेपलीकडचे लोकही खरेदी-विक्री करतातच ना! मला विज्ञानेश्वर पटतो, आणि पटला की त्याचा परिणामही घ्यावा लागतो. स्वत्व लोकांच्या व्यवहारावर उभे असेल, तर जुन्या मोटारीतला सर्वांत महाग भाग मालकाच्या गॅरेजमध्ये नसतोच. तो जुन्या बिलांत, फोटोंत, तिला ओळखणाऱ्या मिस्त्रीच्या आठवणीत असतो. लोखंड त्याचे, ‘ही तीच’ ही साक्ष दुसऱ्यांची. मोटार वाहन कायद्याला याच्याशी देणेघेणे नाही, त्याच्या लेखी नोंदणी ज्याच्या नावे तो मालक. दंड कोणाकडून घ्यायचा हे ठरवायला तेवढे पुरते.

नाव आणि धागा यांतला फरक पाहायला पुण्याहून लांब जावे लागत नाही. मेबॅक या जर्मन घराण्याने झेपेलिन वायुनौकांची इंजिने केली, १९२१ पासून मोटारी केल्या, महायुद्धात त्या थांबल्या. साठ वर्षांनी दुसऱ्या कंपनीने ते नाव पुन्हा बाजारात आणले. आज चाकणला मर्सिडीजच्या कारखान्यात जी मेबॅक जोडली जाते तिचा जुन्या गाड्यांशी संबंध फक्त नावाचा. कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मात्र दसऱ्याला सोने लुटायच्या वेळी दसरा चौकात येते. कागदावर ती घराण्याची. चौकात आपट्याची पाने हातात धरून उभा असलेला माणूस पोराला ती दाखवतो तेव्हा म्हणतो, आपली मेबॅक आली बघ.