वापरकर्त्यातील कर्ता

पाणिनीने कारकप्रकरणात केलेली कर्त्याची व्याख्या संक्षेपामुळे जितकी प्रसिद्ध आहे, तितकीच आशयामुळे विचारप्रवर्तक आहे. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र असतो, तो कर्ता. कुऱ्हाडीवाचून लाकूड तुटत नाही. तथापि कुऱ्हाड ही कर्ता नव्हे, करण होय, कारण ती दुसऱ्याच्या इच्छेने उठते आणि पडते. लगेच पुढील सूत्रात, कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकालाही पाणिनी कर्तेपणाचा मान देतो. मराठीतील ‘करणे’ आणि ‘करवणे’ हा भेद याच विचाराशी नाते सांगतो. संगणकाच्या प्रसारानंतर मराठीने ‘यूझर’साठी ‘वापरकर्ता’ हा शब्द घडविला. त्याच्या उत्तरार्धातील कर्ता कितपत स्वतंत्र आहे, हे मात्र शब्द घडविताना बहुधा कोणी तपासून पाहिले नसावे.

हा प्रश्न नीतीचा आहे, अशी ठाम भूमिका रिचर्ड स्टॉलमन यांनी घेतली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एक नवा मुद्रक आला. त्याचे वर्तन सुधारायचे, तर त्याला चालविणाऱ्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता हवी होती आणि ती देण्यास नकार मिळाला. प्रसंग क्षुल्लक; पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष क्षुल्लक नव्हता. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली. प्रणाली हव्या त्या कारणासाठी चालविणे, ती अभ्यासून बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि बदललेल्या प्रतीही देणे, अशी चार स्वातंत्र्ये या विचाराने मानली. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मुक्त आणि फुकट हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्याने त्यांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीला ही अडचण नाही. पाणिनीच्या परिभाषेत सांगायचे, तर या चार स्वातंत्र्यांमुळे प्रणाली पुन्हा करणाच्या जागी येते: कुऱ्हाडीचा दांडा बदलण्याचा अधिकार कुऱ्हाड चालविणाऱ्याकडे राहतो.

या विचाराने एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती. प्रणाली ही वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर चालते, हे ते गृहीत. ऑनलाइन सेवांनी नेमके तेच हिरावले. लेखनातील चुका तपासणे, हिशेब करणे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अनुवाद करणे ही कामे आता दूरच्या सर्व्हरवर होतात; मजकूर तिकडे जातो आणि निष्पत्ती परत येते. प्रणालीची प्रतच हाती नसल्याने तिच्या परवान्याचा प्रश्नही वापरणाऱ्यापुढे उभा राहत नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्नू अफेरो’ परवान्याने यावर काही उपाय केला: त्या परवान्याखालील प्रणाली बदलून कोणी ती जाळ्यावरून वापरावयास दिली, तर वापरणाऱ्यांनाही तिची मूळ संहिता मिळाली पाहिजे. परंतु संहिता हाती आली, तरी तो सर्व्हर आपल्या मालकाचेच ऐकतो. परक्या सर्व्हरवर स्वतःचे काम करवून घेणारा त्या कामावरील ताबा गमावतो, असे स्टॉलमन यांनी २०१० मध्ये लिहिले, ते याच कारणाने.

मग असा माणूस निदान प्रयोजक तरी ठरतो का? गड्याला काम सांगणारा धनी प्रयोजक असतो, कारण गडी बदलण्याची आणि काम थांबविण्याची सत्ता धन्याकडे असते. येथे ती सत्ता उलट दिशेने वाहते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतीय तेलशुद्धीकरण कंपनीवर, तीत रशियन कंपनीचा मोठा हिस्सा असल्याने, निर्बंध घातले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले असतानाही स्वतःच्या पत्रव्यवहाराला आपण मुकलो, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध योग्य होते की अयोग्य, हा निराळा वाद आहे. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकी कंपनीची आणि खोळंबलेले काम भारतातले, अशी ही वाक्यरचना होती. तीत काम करणाऱ्याला कर्त्याची विभक्ती लागू पडत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला २००९ चे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांवरून दूरस्थपणे पुसून टाकल्या. विकणाऱ्या प्रकाशकाकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसे परत केले गेले, पुढे जाहीर क्षमायाचनाही झाली. पण एका विद्यार्थ्याच्या टिपा संहितेवाचून निराधार झाल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती उपलब्ध पोथ्या ताडून. अशुद्धे शिरली होती ती पोथ्या अनेकांच्या हाती गेल्यामुळेच, आणि ती दुरुस्त करता आली तीही त्याच कारणाने. संहिता एकाच हाती असती, तर ताडून पाहण्यासाठी दुसरे काही उरलेच नसते.

यावर घेतला जाणारा आक्षेप हलका नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयाने सर्व्हर कोणाच्या बळावर चालवावा? स्वतःच्या कपाटातील संगणक बिघडून वर्षानुवर्षांची सूची नष्ट होते, आणि तेथे स्वातंत्र्याची महती सांगून काही परत येत नाही. शिवाय प्रत्येक सेवा म्हणजे ताबा गमावणे नव्हे. पत्र पोहोचविण्यासाठी दुसरा लागतोच, आणि टपालखाते पत्र लिहीत नाही. विकिपीडियासारखे सामायिक काम एकट्याच्या यंत्रावर होऊ शकत नाही. ताब्याचा प्रश्न येतो तो जे काम मुळात स्वतःचे आहे त्याच्याबाबत.

ग्रंथालयांपुरते बोलायचे, तर ‘कोहा’ या प्रणालीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी ती तयार झाली आणि २००० च्या आरंभी वापरात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. ती मुक्त परवान्याखाली आहे आणि भारतातील अनेक ग्रंथालये ती वापरतात. एखाद्या ग्रंथालयाने ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवावयास दिली, तरी नोंदी काढून घेऊन तीच प्रणाली अन्यत्र, किंवा स्वतःच्या यंत्रावर, उभी करण्याची वाट खुली राहते. गडी बदलण्याची सत्ता एवढ्याने परत येते. दुबळ्या ग्रंथालयाला परवडणारी ही तडजोड मान्य करण्याजोगी आहे.

परंतु तिनेही एक गोष्ट सुटत नाही. सेवेच्या अटी स्वेच्छेने मान्य केल्या आहेत, तेव्हा तक्रार कसली, असे म्हटले जाते. स्वतःपुरती संमती देणाऱ्याला हे उत्तर कदाचित पुरेल. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदींत मात्र कोणता वाचक काय वाचतो, हे साठलेले असते. त्या नोंदी परक्या यंत्रावर ठेवताना ग्रंथपालाने वाचकाच्या वतीने, बहुधा त्याला न विचारताच, होकार दिलेला असतो. करारावर सही करणारे दोनच पक्ष असतात. वाचक त्यांपैकी एकही नसतो.