खचणे म्हणजे अविश्वास काय?



आपल्या अरण्यप्रांतातील लहान लहान मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार पुढे येतो. तो असा की, ख्रिस्ती मनुष्याचे मन खचले, तर तो त्याच्या विश्वासाचा दोष मानावा काय?

अहेरीकडच्या एखाद्या खेड्याचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचावी, वैशाखाच्या उन्हात तेंदूची पाने तोडून त्यांची पुडकी बांधावी, आणि मृग लागला की धानाच्या बांधीकडे वळावे. इतक्यात पाऊस तरी ओढ घेतो किंवा प्राणहितेला पूर तरी येतो. सन २०२२ च्या जुलैत प्राणहिता व गोदावरी यांच्या पुरामुळे सिरोंचाकडच्या कित्येक कुटुंबांस घरदार सोडून जावे लागले. पाऊस सरतो न सरतो तोच हिवताप घरात शिरतो. अशा घरातील कर्ता मनुष्य भिंतीला टेकून बसला व उपासनेस येईनासा झाला, म्हणजे आपण चटकन म्हणतो, ‘ह्याचा विश्वास उणा पडला.’

आम्हीही असेच म्हणत असू. एके वर्षी रोवणीच्या दिवसांत आम्ही अशाच एका घरी गेलो. घरधनी तापाने पडलेला, जोडीतला एक बैल मेलेला, पऱ्हे पिवळे पडू लागलेले. आम्ही शास्त्रातील एक अध्याय वाचला, धीर धरण्याविषयी बोध केला, प्रार्थना केली आणि उठलो. दारापर्यंत पोचवावयास आलेली घरची म्हातारी हळूच म्हणाली, ‘पाळकसाहेब, देवाचे वचन ऐकून बरे वाटले. पण उद्या चिखलणीला दुसरा बैल कुठून आणू?’ तिच्या बोलण्यात अविश्वासाचा लेशही नव्हता. तथापि आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि वाटभर तो प्रश्न मनाला टोचत राहिला.

त्या रात्री आम्ही राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पुन्हा उघडला. एलीया हा केवढा विश्वासाचा वीर! परंतु ईजबेल राणीच्या धमकीने तोही रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्यास काय केले? रागे भरला नाही. ‘तुझा विश्वास कोठे गेला?’ असेही विचारले नाही. त्यास झोपू दिले. मग दूताने त्यास स्पर्श करून उठविले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे ठेवलेले होते. तो खाऊन पुन्हा निजला, तेव्हा दूत दुसऱ्यानेही आला. बोलणे झाले ते पुढे होरेब डोंगरावर, आणि तेही मंद स्वरात. शेवटी देवाने त्यास काम दिले, अलीशासारखा सोबती दिला, आणि तू एकटा नाहीस, माझे सात हजार अद्याप उरले आहेत, असे कळविले. आधी भाकर व विसावा, मग वचन, मग सोबत, असा हा देवाचा क्रम आहे. आम्ही मात्र त्या घरी वचन तेवढे देऊन परतलो होतो!

कोणी म्हणेल, अशाने कुरकुरीला व आळसाला मोकळीक मिळेल. तसे नाही. भाकर खाऊन एलीयाला चाळीस दिवसांची वाट चालावयाची होती. देव धीर देतो तो बसून राहावे म्हणून नव्हे, तर उठता यावे म्हणून. आणि सोबतीची गरज लागणे हा जर अविश्वास, तर गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने तिघा शिष्यांस जागे राहावयास का सांगितले असते?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोहफुले रात्री गळतात व पहाटे वेचावी लागतात, हे आपल्या लेकरांसही ठाऊक आहे. इस्राएल लोकांचा मान्नाही असाच पहाटे वेचावा लागे. परंतु मोहफुले वाळवून ठेवता येतात. मान्ना मात्र, शब्बाथासाठी राखलेला सोडून, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला की नासत असे. धीर हा मान्नासारखा आहे. गेल्या वर्षीच्या संकटात जो धीर मिळाला, तो आजच्या संकटाला पुरत नाही. म्हणून काल खंबीर असलेला बंधू आज खचला, तर त्याचा कालचा विश्वास खोटा होता असे ठरवू नये. त्याचा आजचा वाटा अजून त्याला पोचलेला नाही, एवढेच समजावे. आणि तो पोचविण्याचे काम कदाचित आपल्याकडेच असेल.

पंडिता रमाबाईंचे चरित्र ह्याची साक्ष देते. १८७४ साली दुष्काळाच्या हालात त्यांचे आईबाप गेले. १८८२ साली पती गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व शेकडो अनाथ मुलींना आश्रय दिला. आपला चांदा जिल्हा त्या काळी त्याच प्रांतात होता. भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८५८ साली जन्मलेल्या ह्या बाईंनी म्हातारपणी, १९२१ साली, आपली एकुलती एक मुलगी मनोरमा हिचाही वियोग सोसला. तरी सोप्या मराठीतील बायबलाचे भाषांतर त्यांनी तडीस नेले, आणि १९२२ च्या एप्रिलात प्रभूत झोपी गेल्या. त्यांस दुःख झाले नाही असे कोण म्हणेल? परंतु त्या दिवसापुरता धीर त्यांस मिळत गेला, आणि तो त्यांच्या हातून इतरांसही मिळाला.

आता त्या म्हातारीच्या बैलाचे सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळीतील दोघा बंधूंस घेऊन तिच्या बांधीवर गेलो, तो चिखलणी चालू झालेली! शेजारचा एक गोंड शेतकरी न बोलावता आपला बैल घेऊन आला होता. तो आपल्या मंडळीतला नव्हे. आम्हांस लाज वाटली आणि आनंदही झाला. देव आपला दूत कोणत्या दाराने धाडील, ह्याचा नेम नाही. आम्ही मग पऱ्हे उपटावयास खाली उतरलो.

तर बंधुभगिनींनो, ह्या आठवड्यात उपासनेत ज्याची जागा रिकामी दिसेल, त्याच्या घरी जा. जाताना शास्त्र घेऊन जाच. परंतु पदरात थोडे तांदूळ असू द्या, आणि घाईने उठू नका. आणि ज्याचे मन आज खचले आहे, त्याने लाजू नये. झुडपाखाली बसलेल्या एलीयाला देवाने टाकले नाही, तो तुम्हांसही टाकणार नाही.